गेनूनाना आणि आक्कांची भिंत

गेनूनाना आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. चपला काढल्या, सरळ भिंतीपाशी गेले, तळहात टेकवला, कान लावला आणि डॉक्टरनं पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात म्हणाले, "काळजीचं काई न्हाई, पण बघून ठिवा."

मी बघितलं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी रेघ होती. त्या घरात मी बारा वर्षं राहत होते आणि ती मला कधी दिसली नव्हती. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. आमचे हे आठवडाभरानं म्हणाले, "त्या माणसानं एकही वीट न हलवता आपलं घर पाडलं."

नाना भोरला आमच्याच आळीत, चार घरं सोडून राहतात. सगळी नोकरी वरंधा घाटाच्या रस्त्यावर गेली. आधी मैलकुली, म्हणजे रस्ता राखणारा मजूर, मग मुकादम. डोंगर कुठं सुटतोय, रस्त्याखालची मोरी कुठं खचतेय, कठडा कुठं कललाय, हे बघत तीस वर्षं चालले. रिटायर झाल्यावर रस्ता सुटला, पण बघणं सुटलं नाही. मग लोकांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, देवळाच्या पायऱ्या, जे समोर येईल ते. नानी सांगायच्या, "कुनी च्या दिला तर पीत न्हाईत. आधी कप फिरवून बघत्यात, तडा हाय का."

मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते आणि उरलेल्या वेळात जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते. त्या गोधड्यांचे फोटो दाखवायला म्हणून मी मोबाईलवर एक ग्रुप काढला होता. नाव 'आपली हौस'. भोर-वेल्ह्याकडची तीसेक माणसं जमली. नियम एकच, रोज एक फोटो, आपल्या छंदाचा. सुप्रभात, शुभ रात्री काही नाही. गुरांचे रिटायर डॉक्टर गुलाब टाकायचे. एक सर अडकित्ते जमवायचे. वेल्ह्याच्या एक शिक्षिका नुसते ढग टाकायच्या. नानांना ग्रुपात घेतलं ती चूक माझीच. मला वाटलं, गुलाब बघून माणूस जरा निवळेल.

पहिल्याच सकाळी गुलाब आणि अडकित्ता यांच्या मधोमध एक काळी भेग आली. शेजारी रुंदीच्या मापाला आगपेटीतली काडी. खाली मजकूर : 'मोरी. डावी बाजू. दीड काडी. काळजीचं काही नाही पण.'

वाक्य तिथंच संपलेलं. पुढं काय, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

ढगांच्या मॅडमनी लिहिलं, 'वा! अगदी नदीच्या नकाशासारखी नक्षी.' दहा मिनिटांत नाना आमच्या दारात. मोबाईल माझ्या नाकासमोर धरलेला. "ताई, त्या बाईंना सांगा, नक्षी न्हाई ती! मोरी खचतीया! वरनं दुधाची गाडी जाती रोज!"

मी सांगितलं. मॅडमनी माफी मागितली. शिवाय दुसऱ्या दिवसापासून त्या आपल्या शाळेच्या भिंती तपासायला लागल्या. हे असंच होत गेलं. अडकित्तेवाल्या सरांनी जिना तपासला. डॉक्टरांनी गुलाबाच्या कुंड्या. छंदाच्या ग्रुपवर निम्मी माणसं आपापल्या घराच्या भेगा नानांना दाखवायला लागली, आणि नाना प्रत्येकाला उत्तर द्यायचे. 'रंगाची आहे, सोडा.' 'पायाची आहे, सोडू नका.' मी मनातून धास्तावलेली असायचे, पण त्या माणसाच्या लेखी जगातली प्रत्येक भिंत आपल्याच घरातल्या आजारी माणसासारखी होती, एवढं मात्र मला कळायला लागलं होतं.

मग आषाढात आक्कांची भेग आली.

आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला पाच घरांची वाडी आहे, तिथं एकट्या राहतात. चार शेळ्या, थोडी नाचणी. आई लवकर गेली, तेव्हा नाना रांगत होते. आक्कांनी त्यांना कडेवर वाढवलं, आणि लग्न होऊन सासरी निघाल्या तेव्हा भावाला सोबत घेऊनच गेल्या. हे मला नानींनी सांगितलं. पुढचंही त्यांनीच सांगितलं, आवाज खाली करून.

आक्कांचे मालक गेले तेव्हा घाटात दरड आली होती. नाना दरडीच्या पलीकडं, महाडच्या अंगाला, माणसं घेऊन राडारोडा काढत होते. एक एसटी मधे अडकली होती, आत बायकापोरं. निरोप मिळाला, पण नाना तिसऱ्या दिवशी पोचले. तोवर सगळं उरकलं होतं. आक्का दारात उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "झाला का रस्ता मोकळा तुझा?"

"त्या दिवसापस्नं त्या 'ये' म्हनल्या न्हाईत," नानी म्हणाल्या, "आन ह्यांना 'येऊ का' म्हनाय जमलं न्हाई. भाऊबीजेला जायचं, ववाळून घ्यायचं, त्याच गाडीनं मागारी. अकरा वर्सं."

आणि त्या आषाढात आक्कांनी शेजारच्या मोबाईलवरून फोन केला. "मागची भित फुटलीया. सवड आसंल तर बघून जा."

नाना मिळेल त्या गाडीनं गेले. संध्याकाळी ग्रुपवर फोटो : 'आक्काची भिंत. एक काडी. काळजीचं काही नाही.'

मी तो मजकूर तीनदा वाचला. 'पण' नव्हता. गेनूनानांच्या हयातीत पहिल्यांदा वाक्य पुरं झालं होतं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. दोन काड्या. त्याच्या पुढच्या रविवारी साडेतीन. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, घाटाचा रस्ता बंद झाला होता, गाडी हिर्डोशीच्या पुढं जात नव्हती. आणि नाना आपले दर खेपेला लिहितात, काळजीचं काही नाही.

काळजी मग आम्ही सगळे करायला लागलो. आक्कांच्या भेगेला गुलाबापेक्षा जास्त माणसं उत्तरं द्यायला लागली. अडकित्तेवाल्या सरांनी हिशेब मांडला, या गतीनं गौरी-गणपतीपर्यंत भिंत राहत नाही. मॅडमनी वर्गात मुलांना गणित घालताना आक्कांची भेग घातली आणि मग स्वतःच रडवेल्या झाल्या. मी ऑफिसात फी भरून घेताना खिडकीबाहेरच्या पावसाकडं बघत बसायचे. ज्या बाईला मी कधी बघितलं नव्हतं, तिच्या पाठीमागची भिंत मला डोळे मिटले की दिसायची.

एका संध्याकाळी मी नानांना गाठलंच. "नाना, आमच्या केसाएवढ्या रेघेसाठी तुम्ही मला सहा महिने घोर लावला. आणि सख्ख्या बहिणीच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली तरी तुम्ही शांत? त्यांना इकडं आणा."

नाना खाली बघून म्हणाले, "येयाची न्हाई ती."

"तुम्ही म्हणून तर बघा."

"ताई, ती भेग बरी हाय," ते म्हणाले आणि घरात गेले.

बरी हाय! मी डॉक्टरांना फोन केला. त्यांच्याकडं जीप आहे. म्हणाले, "रविवारी जाऊ. शेळ्याही तपासून देतो, निमित्त होईल."

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. नाना पुढं बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत नानींनी दिलेले लाडू. धरणाच्या पाण्याकाठचा रस्ता पावसानं धुवून काढला होता. डॉक्टर गुलाबांच्या कलमांबद्दल बोलत होते, मी ऐकत नव्हते. हिर्डोशीला जीप लावली आणि वर चढलो. नाचणीच्या वाफ्यांतून पाणी वाहत होतं, पाय ठरत नव्हता. सत्तरीचे नाना आमच्या पुढं होते.

आक्का अंगणात उभ्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ, नानांसारखंच नाक. भावाकडं बघून म्हणाल्या, "आलास व्हय? बघ जा तुझी भित." मग आमच्याकडं, "ही कोन मंडळी? भितच बघाय आलीत?"

"फोटोत बघितली होती," मी म्हणाले.

"आता भितीलाबी पाव्हनं यायला लागलं," आक्का म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या. पण वळताना चेहरा उजळला होता, हे मला दिसलं.

आत अंधार होता. डोळे सरावल्यावर ती भेग दिसली. छातीच्या उंचीवर, उभी, लांब. फोटोत होती त्याहून मोठी. मी तिच्यासमोर उभी राहिले, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कडा कोरड्या होत्या, लालसर, ताज्या. बाजूला कोनाड्यात एक खुरपं होतं. खुरप्याच्या पात्यावर तीच लाल माती.

मी खुरप्याकडं बघितलं, भेगेकडं बघितलं, पडवीत चुलीला फुंकर घालणाऱ्या आक्कांकडं बघितलं. नानांकडं वळले तर ते माझ्याकडंच बघत होते.

"गप ऱ्हावा ताई," ते कुजबुजले. "म्हाईत हाय मला."

"तुम्हाला माहीत आहे?"

"आवं, आपसूक फुटल्याली भेग वाकडीतिकडी जाती, खाली येस्तवर बारीक व्हती. ही बगा. वरपस्नं खालपत्तुर एका मापाची. खुरप्याच्या." त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं. "नुस्ता वरचा गिलावा खरवडलाय तिनं. आत दगडाला धक्का न्हाई. दर रविवारी बघतो ना म्या. शनिवारी बसती खरवडत."

महिनाभर तीस माणसांचा जीव टांगणीला लागला होता आणि ही दोघं भावंडं असा लपंडाव खेळत होती. राग यायला हवा होता. पण नाना त्या खरवडलेल्या मातीवरून असं बोट फिरवत होते, की मी मान दुसरीकडं केली.

तेवढ्यात घराच्या दुसऱ्या टोकाकडून डॉक्टरांचा आवाज आला. एक करडू त्यांच्या हातातून सुटून कणगीच्या मागं घुसलं होतं. कणगी मोठी, नाचणीनं भरलेली, भिंतीला लावून ठेवलेली. वर्षानुवर्षं हलवली नसावी. डॉक्टर फटीत हात घालून करडाचा पाय शोधत होते. "पकडलं! पण इथं फार ओल आहे हो नाना. माझी बाही भिजली."

नाना गेले. वाकले. मोबाईलचा उजेड पाडला. मग त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

मी वाट बघत होते. ते काहीच म्हणाले नाहीत. काळजीचं काई न्हाई, हेही नाही. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

"डॉक्टर, करडू घेऊन भायेर व्हा. ताई, तुमीबी. पळू नका, पाय आपटू नका."

मी बाहेर पडता पडता बघितलं. कणगीमागं भिंतीनं पोट काढलं होतं. जमिनीपासून तिरकी, दातेरी भेग वर गेली होती आणि तिच्यातून गढूळ पाणी पाझरत होतं.

नाना चुलीपाशी आले. "आक्का, ऊठ. भायेर हो."

"च्या झालाय."

"च्या ऱ्हाऊ दे. ऊठ."

आक्का हसल्या. खरंच हसल्या. "आरं, एवढी काय घाई? भेग मागच्या खेपंपक्षी वाईच वाढलीया, मला का दिसत न्हाई? पुढल्या रविवारपत्तुर काय व्हत न्हाई तिला."

"आक्का, ती न्हाई."

"मग?"

नाना त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "ती तुजी हाय. कणगीमागं दुसरी हाय. ती तुजी न्हाई."

चहा उकळून चुलीत सांडला, चर्र आवाज झाला. आक्कांनी पातेलं उतरवलं नाही. त्यांनी हळूहळू पदर पुढं ओढला, हातावरची लाल माती त्यात पुसली. मला ओरडावंसं वाटत होतं, की नंतर बोला, आधी बाहेर निघा.

"कवापस्नं म्हाईत हाय तुला?" आक्का म्हणाल्या.

"पैल्या दिवसापस्नं."

"आन तरीबी येत व्हतास?"

"व्हय."

आक्का उठल्या. चुलीतली लाकडं ओढून त्यांवर पाणी मारलं, शेळ्यांची दावी सोडली, एक डॉक्टरांच्या हातात दिली, एक माझ्या. आम्ही अंगण ओलांडून शेजाऱ्यांच्या ओसरीवर आलो. मी माणसं मोजली. आक्का, डॉक्टर, मी. शेळ्या चार, करडू एक. नाना पत्र्याची ट्रंक घेऊन येत होते. मी श्वास सोडला, आणि त्याच क्षणी आक्का माघारी पळत सुटल्या.

"कोंबडी!" त्या ओरडल्या. "खुडूक बसलीया डालग्याखाली! अंडी हायती!"

नानांच्या हातातली ट्रंक चिखलात पडली. "आक्के!" मुकादमाची ती हाक होती, घाटाच्या या वळणावरून त्या वळणावर जाणारी. आक्का थांबल्या नाहीत. नाना त्यांच्या मागून आत शिरले. दार रिकामं झालं. डॉक्टरांनी माझा दंड एवढा घट्ट धरला होता, की चार दिवस वळ राहिला. मी मोजत होते. एक, दोन, तीन. सोळापर्यंत पोचले.

सोळाला दोघं बाहेर आले. आक्कांच्या ओच्यात अंडी, आणि नानांच्या छातीशी फुललेली, संतापलेली कोंबडी, त्यांच्या हनुवटीवर सारखी चोच मारत असलेली. नाना ती सोडत नव्हते. आक्का वाटभर त्यांना ओरडत होत्या, "नीट धर मुडद्या, दाबू नको तिला!"

शेजाऱ्यांकडं आमचा चहा होत होता तेव्हा भिंत पडली. मला वाटलं होतं, मोठा आवाज होईल. झाला नाही. ओलं पोतं टाकल्यासारखा एक जड आवाज, मग कौलं सरकत गेल्याची खडखड. कणगी फुटून नाचणी पाण्यात पसरली. डॉक्टरांनी सवयीनं मोबाईल वर केला आणि लगेच खिशात घातला. नानांनी तर काढलाच नाही. ते आक्कांच्या शेजारी बसले होते. आक्कांचा हात त्यांच्या डोक्यावर होता, पडलेल्या घराकडं बघत त्या केसांतली माती झटकत होत्या, लहान मुलाची झटकावी तशी.

नाना त्या दिवशी आमच्याबरोबर परत आले नाहीत. हिर्डोशीलाच राहिले. पाऊस ओसरल्यावर वाडीतल्या माणसांना हाताशी धरून त्यांनी पाया उकरला, डोंगराकडून येणाऱ्या पाण्याला चर काढून दिला आणि भिंत उभी केली. डॉक्टरांनी पत्रे पोचवले, मी दोन गोधड्या पाठवल्या. ग्रुपवर कितीतरी दिवस भेग आली नाही. मग एके सकाळी फोटो आला, नुसत्या भिंतीचा. गुळगुळीत, मातीनं लिंपलेली. काडीही नाही.

ढगांच्या मॅडमनी विचारलं, 'नाना, यात काय बघायचं?'

नानांनी लिहिलं, 'काही नाही. तेच बघा.'

दिवाळी झाली आणि नाना भोरला परतले. पहिला रविवार आला. सकाळी नानी माझ्याकडं आल्या. "ताई, जरा या बरं. पाटेपस्नं चपला घालत्यात नि काढत्यात."

मी गेले. नाना ओट्यावर बसले होते, धुतलेला शर्ट घालून. हिर्डोशीची गाडी निघून गेली होती. "जायचं होतं ना," मी म्हणाले.

"नवी भित हाय ताई. म्याच बांदलीया. काय बघाय आलो म्हणून सांगू?"

अकरा वर्षांची सवय एका पावसाळ्यात जात नाही, हे मला कळत होतं. तरी तो आठवडा मी फार बेचैन होते. भिंत पक्की झाली, आणि यांचं पुन्हा भाऊबीजेपुरतं होऊन बसलं तर? इतक्या मेहनतीनं आक्कांनी खरवडलेली ती भेग बुजली होती.

पुढच्या रविवारी सकाळी माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर.

"गोधडीवाल्या बाई का?" आवाज आक्कांचा. त्या मोबाईलवर ओरडूनच बोलतात. "गेन्याला एक निरोप द्या. त्येला फोन केला की घाबरतो त्यो, काय पडलं म्हणून. त्येला म्हणावं, हितं काईबी फुटल्यालं न्हाई. समदं बरं हाय. नुस्ता ये."

मी तशीच, पायात चप्पल न घालता चार घरं ओलांडून गेले. मला बघून नाना ताडकन उभे राहिले.

"आक्कांचा फोन होता."

"काय पडलं?"

"काही नाही."

"शेळ्या? पाणी शिरलं का घरात?"

"काही झालेलं नाही नाना. सगळं बरं आहे. नुसता ये, म्हणाल्या."

नाना खाली बसले. त्यांनी विचारलं, "ह्येच म्हनली? 'ये' म्हनली?"

"हो. 'नुस्ता ये'."

त्यांनी मान हलवली. मग आत तोंड करून नानींना म्हणाले, "पिशवी दे गं माजी."

गाडी सुटायला अजून तासभर होता. पाच मिनिटांनी मी दूध आणायला बाहेर पडले, तेव्हा नाना आळीच्या तोंडाशी पोचले होते आणि स्टँडच्या दिशेनं जवळजवळ पळत होते.